धाकट्या भावाचा बारीक फोटो

चालू असलेली गोष्ट चालू राहू द्यावी, एवढी साधी अक्कल मला नाही. अमडापुरात माझं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बायोडाटा, वाढदिवसाचे बॅनर अशी कामं मी तिथे कम्प्युटरवर करतो. एक दिवस पडद्याच्या कोपऱ्यात सिस्टमची नवीन आवृत्ती तयार असल्याची पाटी आली आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मी बेधडक 'हो' दाबलं. दोन तास पडद्यावर चक्र फिरत राहिलं. गिऱ्हाइकाने चहा घेतला, पेपर वाचला आणि शेवटी माझा उद्धार करून ते निघून गेलं.

कम्प्युटर सुरू झाला तेव्हा सगळंच रुंद दिसत होतं. अक्षरं भरदार, चिन्हं गुबगुबीत. मला वाटलं, चाळिशी लागलेल्या लोकांची सोय केली असेल. ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घेणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. जुना ड्रायव्हर नव्या आवृत्तीत चालेना, म्हणून कम्प्युटर आखूड चित्र ताणून माझ्या लांबट पडद्यावर पसरवत होता. हे मला कळायला हवं होतं. वीस वर्षं मी याच धंद्यात आहे, हे खरं तर इथे सांगायला नको.

फोटोतली माणसंही फुगलेली दिसू लागली. मी फोटो कडेला पकडून आत ढकलायचो आणि पडद्यावर चेहरा बरा दिसला की पुढच्या कामाला लागायचो. ताणला गेला होता फक्त पडदा, मूळ फोटो नव्हे; त्यामुळे त्या आठवड्यात माझ्या दुकानातून कुणी जाड माणूस बाहेर पडला नाही. एका पुढाऱ्याला वाढदिवसाच्या बॅनरवर स्वतःची मान दिसली. तो एवढा खूश झाला की दुसऱ्या चौकासाठी तसाच आणखी एक बॅनर मागून गेला. मी पडद्यावर गोल जुळवून दिलेला शाळेचा शिक्का मात्र अंड्यासारखा निघाला. त्याबद्दल मी शिक्के बनवणाऱ्यालाच झापलं.

धाकट्या भावाचा बायोडाटा मी याच आठवड्यात केला. भाऊ चौतीस वर्षांचा, शेती उत्तम करतो, स्वभावाने गरीब, अंगाने भरभक्कम. आतापर्यंत चार ठिकाणी बायोडाटा गेला होता आणि एकाही घरून साधा फोन आला नव्हता. आई त्याच्यासमोर लग्नाचा विषय काढेनाशी झाली होती. मला त्याची फार काळजी वाटायची. नवा बायोडाटा मी थेट त्याच्या मोबाईलवर पाठवला आणि विचारलं, "कसा झाला बे?"

"मस्त झाला, दादा," तो म्हणाला.

तिसऱ्याच दिवशी देऊळगाव राजाहून बोलावणं आलं. मी, आई, मामा आणि भाऊ मुलगी पाहायला गेलो. पाणी झालं, पोहे आले. मुलीच्या वडिलांनी दाराकडे पाहत विचारलं, "नवरदेव मागून येऊन राह्यले का?"

"हाच हाये नं," आई म्हणाली.

त्यांनी चष्मा लावला, मोबाईल काढला आणि बँकेत सही जुळवतात तसा तो भावाच्या चेहऱ्याशेजारी धरला. मामा पोह्यांतली मिरची शोधू लागले. आई माझ्याकडे पाहू लागली. मी घाईघाईने सगळी हकिगत सांगितली. सिस्टम नवी टाकली, ड्रायव्हर चालेना, पडदा ताणला गेला, वगैरे.

"म्हंजे कम्प्युटरनं पोराले बारीक केलं?" त्यांनी विचारलं.

"नाही काका, कम्प्युटरनं जाड केलं. म्हणून मी बारीक केलं."

"मंग हे समोर बसलेले कोणी केले?"

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. तिचं तिथे ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. मामांनी रीतीप्रमाणे नाव, शिक्षण, उंची विचारायला घसा खाकरला, पण ट्रे ठेवून तिनेच मला विचारलं, "रिझोल्यूशन किती दाखवत होतं?"

"पाह्यलं नाही."

"ड्रायव्हर तपासला होता?"

"नाही."

"एक गोल काढून पाह्यचा. आडवा दिसला की समजते."

मला शाळेचा शिक्का आठवला आणि कानशिलं तापली. मुलगी पाहायला आलो होतो आम्ही, आणि तोंडी परीक्षा माझी चालली होती.

मग ती भावाकडे वळली. "तुम्ही तं पाह्यला असंल फोटो. तुम्हाले समजलं नाही?"

भावाने कप खाली ठेवला. "समजलं होतं," तो म्हणाला. "पण चार जागी खरा फोटो धाडला, कोणी बोलावलं नाही. म्हटलं, एकदा तरी कोणाच्या घरी बसून बोलू."

मुलीच्या वडिलांनी मोबाईल खिशात टाकला. "पोहे घ्या," ते त्याला म्हणाले, "थंडे होऊन राह्यले."

आठवड्याने ते आमचं घर पाहून गेले आणि लग्न ठरलं. मुलीची अट एकच होती. पत्रिका तिच्या सेंटरवर होईल, मी फक्त भावाचा मूळ फोटो पाठवायचा. नवा ड्रायव्हर कुठून घ्यायचा आणि कसा टाकायचा, हे तिनेच मला फोनवर सांगितलं. पडदा पूर्ववत झाला. मूळ फोटो शोधताना मी त्या आठवड्यातली सगळी कामं उघडली. गिऱ्हाइकांचे फोटो पडद्याने जेवढे ताणले होते, तेवढेच मी दाबले होते. पुढाऱ्याचासुद्धा. भावाचा फोटो मात्र तेवढा दाबून झाल्यावरही मी आणखी आत ढकलला होता.

हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. पण फोटो पाहताक्षणी त्याला सगळं समजलं होतं. हेही समजलंच असेल, आणि तरी तो मला "मस्त झाला, दादा" म्हणाला.