पाण्याकडे न पाहता

पहिले दोन दिवस तो माणूस माझ्या मागे दहाएक पावलांवर होता. मी थांबले की थांबायचा, मी वळले की तलावाकडे तोंड करून उभा राहायचा. साठीच्या वरचा, डोक्याला दुपट्टा, हातात काठी, पायात प्लास्टिकची चप्पल. तिसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढायच्या आधी मी मुठीत मावेल असा एक दगड उचलला आणि ओढणीच्या टोकात धरला. त्या दिवसापासून तो वीस पावलांवर गेला. मी मोजून पाहिलं, वीसच. मला तर ते जास्तच वाईट वाटलं. दहा पावलांवरचा माणूस योगायोगाने असू शकतो. वीस पावलं राखून चालणारा काहीतरी ठरवून आलेला असतो.

माझं चालणं हौसेचं नव्हतं. माझ्या आईला साखर होती. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना तिचा डावा पाय घोट्यापासून कापावा लागला. सकाळी तिची पट्टी बदलायची, हात साबणाने धुवायचे आणि कॉलेजच्या बसला पळायचं, असं ते वर्ष गेलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा म्हणायचे, "माही पोरगी बसून काम करन." बसून काम मिळालंही. सरकारी कार्यालयात टेबल, खुर्ची, पंखा. आणि अकरा वर्षं त्या खुर्चीत बसल्यावर डॉक्टरांनी माझा रिपोर्ट हातात धरून सांगितलं, "काठावर आहात. रोज अर्धा तास चाला, नाहीतर तुमच्या आईच्या वाटेने जाल." माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिने माझी पट्टी बदलावी, हे मला नको होतं. एवढीच गोष्ट होती.

पण तो अर्धा तास काढायचा कुठून? नवरा भामरागडला नोकरीला. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की आठ-आठ दिवस रस्ता बंद, फोनही लागेल तेव्हा खरा. इकडे सावली तालुक्याच्या बाजूला आमच्या गावात मी आणि मुलगी. सकाळी नळ, डबा, तिची वेणी, शाळेचा ऑटो, मग ऑफिस. संध्याकाळी अभ्यास आणि स्वयंपाक. फोन लागला की नवरा म्हणायचा, "घरातच दोरीवरच्या उड्या मार नं." मारल्या. तिसऱ्या दिवशी खालून घरमालकीण वर आली. "बाई, वर काही पाडून राह्यल्या का?" मोठ्या रस्त्यावर गेले तर रेतीचे टिप्पर आणि कुत्री. जंगलाकडच्या रस्त्यावर उजाडायच्या आत कोणी जात नाही, तिकडे वाघ आहे हे इथल्या लेकरालाही माहीत आहे. उरली तलावाची पाळ. सरळ, सपाट, एका टोकाला पाणी सोडायचं गेट, दुसऱ्या टोकाला मोहाचं झाड. चार फेऱ्यांत अर्धा तास होतो. घरमालकीणबाई मुलीवर लक्ष ठेवायला तयार झाल्या आणि मी भाद्रपदात रोज उजाडता उजाडता चालायला लागले.

आठव्या दिवशी मी मोहाखाली वळले आणि थेट त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. दगड ओढणीत होताच.

"काऊन माह्या मागं मागं येऊन राह्यले रोज?"

तो घाबरला नाही. काठी टेकवून म्हणाला, "मले सांगा मॅडम, तुम्ही इथी कायले येता?"

"चालायला. साखर काठावर आहे."

"चालाले." त्याने मान हलवली. "चालणारी बाई समोर पाह्यते. तुम्ही पाण्याकडं पाह्यता. काल त्या बेशरमाच्या झुडपापाशी थांबल्या. परवा गेटापाशी. जिथी जिथी मासा हाय तिथी तिथी तुम्ही थांबल्या. साखरवाल्या बाईले कसं समजते जी, मासा कुठी हाय?"

मी वळून पाण्याकडे पाहिलं. ते खरं होतं आणि मला स्वतःला ते माहीत नव्हतं.

तो मच्छीमार सोसायटीचा राखणदार निघाला. तलाव सोसायटीच्या ठेक्यात होता आणि नुकतीच बोटुकली सोडली होती. बोटुकली म्हणजे बोटाएवढे मासे, वर्षभर वाढवायचे. "मागच्या साली बाजूच्या बोडीच्या पाण्यात कोनं तरी औषध टाकलं," तो म्हणाला. "सकाळी सारा मासा उलटा. त्याच्या आधी आठ दिवस एक मानूस असाच फिराले येत होता. पांढरे बूट घालून." त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं. पांढरेच होते.

खरं म्हणजे तिथेच सांगून टाकायचं होतं. माझे बाबा ढिवर, मासेमारी करणारे. वैनगंगेच्या काठचं आमचं गाव. पाण्यावर बुडबुडा कसा फुटला यावरून खाली रोहू आहे की मरळ, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले. पण मला राग आला होता. मी पदवीधर, नोकरीतली बाई. कोण्या राखणदाराने विचारावं आणि मी जातगोत सांगून सुटका करून घ्यावी? मी म्हटलं, "पाळ गावाची आहे. मासे तुमचे असतील." आणि उरलेल्या दोन फेऱ्या पूर्ण केल्या.

दोन दिवसांनी सोसायटीचे दोघं ऑफिसात आले. टेबलासमोर बसले, पाणी प्यायले. एक म्हणाला, "मॅडम, ठेक्याची फाईल तुमच्याच ऑफिसातून जाते म्हणते."

"माझ्या टेबलावरून जात नाही."

"नाई, आम्ही तसं नाई म्हणून राह्यलो. पन पुढच्या साली ठेका बदलनार हाय. कोनी तुमाले मासा पाहाले तं नाई सांगतलं?"

"डॉक्टरनं सांगितलं. चालायला."

दुसरा हसला. "आमच्या बायका दिवसभर चालते, त्याहीले कोन्या डॉक्टरनं नाई सांगतलं." मग उठता उठता म्हणाला, "रस्त्यानं फिरा नं मॅडम. तलावाले काही झालं तं लोकं काय म्हणन, तुमीच सांगा."

ही धमकी होती की सल्ला, ते मी दिवसभर ठरवत राहिले. माझं ऑफिस कोणतं, हे त्यांना कोणी सांगितलं, याचाही विचार केला. शेजारच्या टेबलावर संशय घेतला, घरमालकिणीवर घेतला. त्या आठवड्यात मी कोणाचाही चहा धड प्यायले नाही.

चालणं मात्र सोडलं नाही. फक्त ठरवलं की पाण्याकडे बघायचं नाही. मान ताठ, नजर मोहाच्या झाडावर. कोणाचा विश्वास बसणार नाही, पण अर्धा तास चालण्यापेक्षा ते अवघड होतं. डाव्या बाजूला पाणी चुळबुळ करायचं आणि माझी मान आपोआप वळायची. मी तिला परत आणायची. मागे चपलेचा आवाज. वीस पावलं.

मग तीन दिवस ढगाळ आलं. ऊन नाही, पाऊस नाही, पानही हलेना. चौथ्या दिवशी पाळीवर चढले आणि पहिल्यांदाच मागे कोणी नव्हतं. तो दूर मोहाखाली बसला होता, पाय पसरून, बहुतेक डुलकी लागली होती. मी नजर समोर ठेवून निघाले. गेटापाशी आले आणि आवाज ऐकू आला. बारीक, चप-चप-चप, जशी पुष्कळ लेकरं एकदम दूध चोखतात.

पाहिलं. गेटाच्या कोपऱ्यापासून झुडपापर्यंत पाणी तोंडातोंडांनी भरलं होतं. बोटाएवढ्या माशांची तोंडं वर, हवा गिळत होती. मी काठावरून वाकले तरी एकही मासा खाली गेला नाही. मासा माणसाला भ्यायचा थांबला की त्याची वेळ भरत आली, असं बाबा सांगायचे. ढग आणि बिनवाऱ्याचे दिवस, त्यात सोसायटीने खाद्य म्हणून याच कोपऱ्यात ट्रॉलीभर शेणखत टाकलेलं. पाण्यातली हवा संपली होती.

मला आता कबूल करायला हरकत नाही. माझ्या मनात पहिल्यांदा माशांचा विचार आला नाही. दोन तासांत हे सगळे उलटे होतील आणि पांढऱ्या बुटांची बाई आज सकाळी इथे एकटी होती, एवढंच आलं. हाक मारली तर विचारतील, तुला कसं कळलं. गुपचूप घरी गेले तर विचारणारच नाहीत, ठरवूनच टाकतील. चालणं तर सुटेलच, गावातलं राहणंही सुटेल.

"भाऊ!" मी ओरडले. "मासा वर आला! धावा!"

तो काठी टाकून धावत आला. पाणी पाहिलं आणि माझ्याकडे वळला. चेहरा राखेसारखा. "काय टाकलं वं?"

"काही नाही टाकलं! औषधानं मासा वाकडातिकडा पळतो, असा रांगेनं तोंड काढत नाही. दम कोंडला त्याचा. पाणी बडवा. माणसं बोलवा, इंजन लावा!"

तो तसाच उभा. मग मी बूट काढले, दगड तिथेच टाकला, बेशरमाची एक फांदी मोडली आणि मांडीभर पाण्यात उतरून बडवायला लागले. नवी सलवार होती. मिनिटभराने शेजारी दुसरी फांदी पडायला लागली. मधेच थांबून त्याने वस्तीकडे तोंड करून जी आरोळी ठोकली, ती पलीकडच्या शेतांच्या धुऱ्यावर गेली असेल. सोसायटीचे ते दोघंही आले, बायका आल्या. कोणी तरी शेतातलं डिझेल इंजन ओढून आणलं आणि तलावाचं पाणी उचलून उंचावरून तलावातच सोडलं. तासाभराने तोंडं एकेक करून खाली गेली. थोडे मेले. पुष्कळ जगले.

मी पाळीवर बसले तेव्हा हात वर उचलवत नव्हते. एवढा घाम मला आयुष्यात आला नव्हता. ऑफिसात हसणारा तोच माणूस समोर उभा होता.

"तुमाले हे कसं मालूम, मॅडम?"

मी बाबांच्या गावाचं नाव सांगितलं आणि ते काय करायचे ते सांगितलं. मग राखणदार म्हणाला, "मंग पह्यल्याच दिवशी काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही तसं विचारलंच नाही. चोर समजून विचारलं."

"तुमीनं बी मले तसंच विचारलं," तो म्हणाला.

त्यावर बायका हसल्या. मी हसले नाही. मुलीचा ऑटो चुकला होता, घरमालकीणबाईंनी तिला तशीच दप्तर अडकवून पाळीवर आणलं होतं आणि ती ओरडत होती, "मम्मी, तू तर पोहायला आली!"

संध्याकाळी ते दोघं घरी आले. रोज येताच आहात तर पाणी पाहत जा, काही दिसलं तर सांगत जा, असं म्हणाले. चेहरे गोड होते, म्हणून मी सावध झाले. बिनपगारी राखणदारीण मिळवायचा बेत मला ओळखू येतो. मी म्हटलं, "दिसलं तर सांगीन. पण थांबणार नाही. तो अर्धा तास माझा आहे."

दुसऱ्या दिवशी पाळीवर गेले. तो गेटापाशी उभा होता. भिंतीवर माझा दगड ठेवलेला, चिखल धुऊन.

"तुमचा हाय," तो म्हणाला. "खाली पडला होता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"ज्या दिवशी उचलला त्याच दिवशी. मंग मी लांबून येऊ लागलो. वीस पावलं म्हटलं तं निशाणा चुकते."

मी त्याच्याकडे पाहिलं. मग दगड उचलला, ओढणीच्या टोकात धरला आणि चालायला लागले. तो जागीच उभा राहिला. मी मनात मोजलं. वीस पावलं झाली, आणि मागे चपलेचा आवाज सुरू झाला.