खेळाची पाठ

बापू खटपट्या एखादा खेळ दाखवायचा, तेव्हा लोकांच्या टाळ्यांची वाट पाहत असे; आणि टाळ्या विरायच्या आत तो खेळ फिरवून त्याची पाठ दाखवत असे. मोटर कुठे बसवली, दोरी कुठून नेली, कोणता दिवा कशामुळे लागला, हे समजल्याशिवाय तो पाहणाऱ्याला जाऊ देत नसे. "ज्याची पाठ दाखवता येत नाही तो खेळ नाही राजा, ते फसवणं झालं," असे तो म्हणे. त्याच्या या नियमावर मी इतका विसंबून होतो, की माझी स्वतःची फसवणूक त्याच्याच हातून झाली तेव्हा ती ओळखायला मला वर्षाहून अधिक काळ लागला.

आम्ही दोघे अकोल्याच्या जुन्या शहरातले, मोर्णा नदीच्या काठच्या एकाच गल्लीत वाढलेले. माझे वडील भिक्षुकी करत. बापूच्या घरी लग्नाचे फोटो आणि पुढे व्हिडिओ शूटिंगचा धंदा होता. मी शिकून अमरावतीला प्राध्यापक झालो. बापू गल्लीतच राहिला. लग्नसराईत तो शूटिंग करी आणि उरलेले वर्षभर मोडक्या वस्तूंना नवे उद्योग शोधून देई. त्याच्या खोलीत पंख्याची पाती, खेळण्यातली चाके, जुने मोबाइल आणि दुचाकीचे आरसे एकत्र नांदत. त्यातून काय निघेल, हे त्यालाही सकाळी माहीत नसे.

एका गणेशोत्सवात त्याने गल्लीच्या मंडळासाठी उंदीर केला होता. कुणी प्रसादाच्या ताटातून एकदम दोन मोदक उचलले, की तो उंदीर मान वळवून त्याच्याकडे पाहायचा. दोन दिवसांत शहरभर बोलबाला झाला आणि बायका उंदरापुढे हात जोडू लागल्या. बापूने लगेच मखराचा पडदा काढून ट्रकच्या वायपरची मोटर आणि ताटाखालचा वजनकाटा सगळ्यांना दाखवला. मंडळाचे अध्यक्ष चिडले. श्रद्धेने गर्दी होते आहे तर होऊ द्यावी, असे त्यांचे म्हणणे. बापू शांतपणे म्हणाला, "चमत्कार देवानं करावा, अध्यक्षसाहेब. म्या फक्त मोटर लावली."

अमरावतीला माझ्या घरी त्याचे येणे महिन्या-दोन महिन्यांनी ठरलेले असे. बडनेऱ्याला उतरून तो थेट यायचा आणि दारातूनच पातोडीच्या रश्श्याचा वास घ्यायचा. माझी पत्नी सुमन तिवशाकडच्या शेतकरी घरातली. आमचे लग्न आम्ही आमचे ठरवले, आणि ते जातीबाहेरचे असूनही माझ्या वडिलांनी त्याला विरोध केला नाही. त्यांनी केवळ एक गोष्ट केली. ते आमच्या घरी कधी जेवले नाहीत. मी अकोल्याला गेलो की माझ्याशी बोलत, नातीची चौकशी करत, सुमनलाही कुशल विचारत. पण अमरावतीला यायचे नाव काढले की त्यांना कुठले तरी अनुष्ठान आठवे. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे होऊन गेली तरी त्यांचे ताट आमच्या घरात मांडले गेले नव्हते. म्हणून बापू दुसऱ्यांदा रस्सा मागून घेई तेव्हा सुमनच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, त्यात एका दुसऱ्या माणसाची उणीवही असे. "भाऊजी, तुम्ही त्यांच्या गल्लीतले ना," ती वाढता वाढता विचारी, "बाबा काही बोलले का?" बापू मान खाली घालून जेवत राही.

तान्ह्या पोळ्याला त्याने आमच्या कॉलनीतल्या मुलांच्या लाकडी बैलांपैकी एकाच्या कपाळाला मोबाइल बांधला होता. संध्याकाळी देवळाच्या सभागृहात पांढऱ्या चादरीवर त्याने 'बैलाने पाहिलेला पोळा' दाखवला. त्यात माणसांची तोंडे जवळजवळ नव्हतीच. गुडघे होते, साड्यांचे काठ होते, झिजलेल्या चपला होत्या, आणि मधूनच बेगड नीट करायला वाकलेले एखादे लहान तोंड. लोक एकमेकांना पायांवरून ओळखू लागले. आमच्या शेजारच्या निवृत्त तहसीलदारांच्या दोन पायांत दोन रंगांचे मोजे निघाले आणि सभागृह हसण्याने भरून गेले. सुमन त्या दिवशी म्हणाली, की हा माणूस कुणाला खाली न पाडता हसवतो. मला ते फार पटले होते.

पुढे त्याच्या डोक्यात 'बोलका ओटा' आला. नदीकाठच्या गल्लीत एक दगडी ओटा होता. त्यावर कुणी बसले, की खालून गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज यावा आणि त्याने एखादी जुनी हकिकत सांगावी, अशी ती योजना. त्यासाठी त्याने म्हातारी माणसे गाठून ध्वनिमुद्रण सुरू केले. माझे वडील त्यात सर्वांत रमले. रोज दुपारी बापू कॅमेरा आणि माइक घेऊन जायचा आणि ते त्याला मोर्णेच्या पुराच्या, तालमीच्या, यजमानांच्या घरच्या गमती सांगायचे. जो माणूस माझ्याशी मोजके बोले, तो बापूच्या यंत्रापुढे महिनोन्महिने मोकळेपणाने बोलत होता. मला तेव्हा हेवा वाटला, हे मान्य केले पाहिजे. एकदा मी बापूला सहज सांगावे तसे सांगितले, की कधीतरी आमच्या घरी जेवण्याचा विषय काढून पाहा. तो "पाहू" म्हणाला. ओटा सुरू झाला तेव्हा मी त्यावर बसलो आणि माझ्याच वडिलांचा आवाज मला पुराची गोष्ट सांगू लागला. ऐकून झाल्यावर बापूने फरशी उचलून तारा दाखवल्या.

वडील गेले. वर्षश्राद्ध मी अमरावतीला केले. सुमनने त्या दिवशी स्वतः स्वयंपाक करायला नकार दिला. जे त्यांना जिवंतपणी चालले नाही ते मेल्यावर त्यांच्यापुढे कशाला ठेवायचे, असा तिचा रोकडा प्रश्न होता. त्यामुळे अकोल्याहून आचारी आला, आणि माझी पत्नी आपल्याच स्वयंपाकघराच्या दारात पाहुणीसारखी उभी राहिली. दुपारी सगळे पांगल्यावर बापूने लॅपटॉप उघडला. नेहमीच्या झोपाळ्यावर, खांद्यावर उपरणे घेतलेले वडील पडद्यावर दिसले. त्यांनी झोपाळ्याला एक झोका दिला. मग म्हणाले, "अमरावतीला एकदा जायला पाहिजे होतं. सूनबाईच्या हातचं जेवायला पाहिजे होतं. राहून गेलं."

सुमन रडली नाही. ती आत गेली, तिने गॅस पेटवला, शिरा केला आणि वाटीत काढून वडिलांच्या तसबिरीपुढे ठेवला. त्यानंतर त्या घरात काहीतरी सैल झाले. तसबीर कपाटातून बाहेर येऊन भिंतीवर लागली. दुसऱ्या वर्षीच्या तिथीला आचारी आला नाही. शेजारच्या काकूंकडून श्राद्धाच्या स्वयंपाकाचे सगळे बारकावे शिकून तिने तो एकटीने केला. मीही बदललो. कित्येक वर्षे वडिलांविषयी मनात जी अढी घेऊन मी वावरत होतो, ती त्या तीन वाक्यांनी काढून घेतली. आज मागे वळून पाहताना मला एक गोष्ट खुपते. त्या दिवशी बापू दुसऱ्यांदा वाढून न घेता घाईने निघून गेला होता. त्याने लॅपटॉप फिरवून काही दाखवले नव्हते, आणि मीही काही विचारले नव्हते. हे कधीचे चित्रण, कोणत्या दुपारचे, त्याच्या आधी-नंतर ते काय म्हणाले? माझ्या अध्यापनात मी विद्यार्थ्यांना प्रत्येक साधनाचा उगम विचारायला शिकवतो. मला हवे ते मिळाले होते, म्हणून मी उगम विचारला नाही.

गेल्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका महाविद्यालयात कला आणि तंत्रज्ञानावर कार्यशाळा होती. एका सहकाऱ्याने सांगितले, की तुमचे अकोल्याचे मित्र येत आहेत. बापूने मला कळवले नव्हते. त्याला चकित करावे म्हणून मी सुमनने भरून दिलेला डबा घेऊन गेलो आणि मागच्या दाराने सभागृहात शिरलो.

पडद्यावर माझे वडील होते. तोच झोपाळा, तेच उपरणे. समोर बसलेली मुले एकेक वाक्य सुचवत होती, बापू ते टंकत होता आणि माझे वडील ते बोलत होते. ते म्हणाले, की उद्या कॉलेजला सुटी आहे. ते म्हणाले, की कँटीनच्या समोशात बटाटा सापडला तर ऑफिसात जमा करावा. मुले बाकांवर हात आपटून हसत होती. हसू ओसरल्यावर बापूने नेहमीप्रमाणे पाठ दाखवली. एखाद्या माणसाचे बोलणे पुरेसे साठवलेले असले, की संगणक त्याच्या आवाजात आणि त्याच्या ओठांनी हवे ते बोलवून घेतो, हे त्याने नीट उलगडून सांगितले. "पाहा पोट्टेहो, आवाज बुवांचा, चेहरा बुवांचा, वाक्य तुमचं. म्हणून आता डोळ्यानं पाह्यलेलंही उलटून पाहत जा." मुलांनी टाळ्या वाजवल्या. आणि तेव्हा त्याने मला पाहिले.

तो कार्यक्रम अर्धवट सोडून बाहेर आला. दुचाकी उभ्या असलेल्या जागेत आम्ही दोघे समोरासमोर उभे होतो.

"तू काहून आला बे?" तो म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

"ती तीन वाक्यं कुणाची होती, बापू?"

त्याने खोटे सांगितले नाही. "माही."

"त्यांना तू कधी विचारलं होतंस का? मी सांगितलं होतं."

"विचारलं होतं."

"मग काय म्हणाले?"

त्याने माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिले. "म्हणाले, मशीन बंद कर. म्या बंद केली."

मला राग आला, तो या उत्तराचा आला की त्या वाक्यांचा, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मी त्याला इतकेच विचारले, की हे तू मला का सांगितले नाहीस. तो म्हणाला, "तुले सांगतलं असतं त तू वैनीले सांगतलं असतं. ती दर खेपेले विचारे, बाबा काही बोलले का. मी किती दिवस खाली मान घालून जेवू? तिच्या हातचं खाऊन मलेच लाज वाटे."

"आणि या मुलांना सगळं दाखवलंस."

"हे परके आहेत राजा. याइले पाठ दाखवली त कोणाचं काही मोडत नाही."

मी डबा त्याच्या गाडीच्या सीटवर ठेवला आणि निघालो. तो मागून काही बोलला असेल. मी थांबलो नाही. त्यानंतर आमची भेट नाही. त्याचे फोन येत राहिले, मग थांबले. अकोल्याला जाणे होते, पण मी गल्लीत न शिरता परत येतो.

त्याला मी वाईट माणूस म्हणू शकत नाही, हीच माझी अडचण आहे. पैशासाठी किंवा नावासाठी फसवणारा असता तर मला त्याचा निवाडा करता आला असता. त्याने दयेपोटी माझ्या वडिलांच्या तोंडी क्षमेची वाक्ये घातली, आणि तसे करताना वडिलांचे खरे मौन माझ्याकडून काढून घेतले. ते मौन कठोर होते. तरी ते माझे होते. आता मी वडिलांचा आवाज आठवू लागलो तर खरा कोणता आणि बापूने केलेला कोणता, याची खात्री राहिलेली नाही. पुराची गोष्ट खरी आहे, एवढे मी स्वतःला सांगतो. ओट्यावर ती ऐकताना वाटलेला आनंद मात्र परत येत नाही. ज्या एका माणसाच्या हातातली वस्तू मी न तपासता घ्यायचो, त्यानेच ही वस्तू माझ्या हाती दिली. मैत्री याहून वेगळी काय असते, हेही मी त्यानंतर स्वतःला विचारले आहे.

सुमनला मी अजून सांगितलेले नाही. भाऊजी येत का नाहीत, असे ती विचारते तेव्हा लग्नसराई आहे म्हणतो. लग्नसराई संपते तेव्हा दुसरे काही सांगतो.

यंदाच्या तिथीला ती पहाटेपासून स्वयंपाकघरात होती. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळे तिने केले. विधी आटोपले, पाने उठली. मग तिने तसबिरीखाली पाट मांडला, केळीचे पान ठेवले, त्यावर एकेक पदार्थ जागच्या जागी वाढला आणि पदराला हात पुसत मला म्हणाली, की भाऊजींनी दिलेला तो व्हिडिओ लावा. मी उठून टीव्हीवर लावला. वडील झोपाळ्यावर बसलेले दिसले. त्यांनी झोका दिला, मग ते बोलू लागले. तेवढ्यात स्वयंपाकघरातला कुकर वाजला आणि त्यांचे शब्द बुडाले.

"पहिल्यापासून लावा ना," सुमन पानासमोर बसत म्हणाली. "आणि आवाज थोडा वाढवा."

मी वाढवला.