चुकांवर जीव असलेल्या वन्सं

जगात चुकांवर मनापासून प्रेम करणारी एकच बाई आहे, आणि ती नेमकी माझ्या नशिबी नणंद म्हणून आली. बरोबर उत्तर ऐकलं की वन्संचा चेहरा पडतो. "हं, बरोबर आहे," असं म्हणतात खरं, पण ते जेवणात मीठ कमी असताना पाहुण्यानं "छान झालंय" म्हणावं त्या सुरात. चुकीचं उत्तर आलं की मात्र त्यांचे डोळे लुकलुकायला लागतात, त्या खुर्ची पुढे ओढतात, चष्मा कपाळावरून नाकावर घेतात आणि म्हणतात, "अय्यो, काय सुरेख चूक आहे! कुठून आणलीस?" लग्न होऊन मी सांगलीहून बेंगळूरला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझा भात करपला. सासूबाईंनी नाक मुरडलं. वन्सं मात्र पातेलं उजेडात धरून दहा मिनिटं निरखत होत्या, भात एकाच बाजूनं का करपला म्हणून. मला तेव्हा वाटलं, ही बाई आपला छळ करणार. नंतर कळलं की तो त्यांचा लाड होता.

वन्सं एका शाळेत आहेत. शिक्षिका म्हटलं की त्या दुरुस्ती करतात, कारण त्या वर्गावर शिकवत नाहीत. त्यांच्या हुद्द्याचं नाव 'मॅथ इंटरव्हेन्शन स्पेशालिस्ट'. हे नाव सासूबाईंना शेवटपर्यंत पाठ झालं नाही. कुणी विचारलं की त्या "आमची मोठी गणिताच्या दवाखान्यात असते" असं सांगून मोकळ्या होत. आणि खरं सांगते, शाळेनं छापलेल्या कुठल्याही माहितीपेक्षा ते वर्णन अचूक होतं. सहावी ते आठवीच्या वर्गातली जी मुलं गणितात अडकलेली असतात, त्यांना चार-चार, पाच-पाचच्या गटानं वन्संच्या खोलीत आणतात. मग वन्सं एकेक इयत्ता मागे मागे जातात. सातवीतल्या पोराचं गणित सातवीत बिघडलेलंच नसतं म्हणे. ते तिसरीत कधीतरी, गोवर आला म्हणून आठवडाभर शाळा बुडली तेव्हा बिघडलेलं असतं आणि बिचारं चार वर्षं तसंच लंगडत चाललेलं असतं. "प्रत्येक चुकीला माहेर असतं," वन्सं म्हणतात. ते माहेर शोधेपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नाही.

त्यांची खोली जिन्याखाली आहे. पूर्वी तिथे खेळाचं सामान ठेवत, त्यामुळे कोपऱ्यात अजून दोन हॉकी स्टिक उभ्या आहेत. भिंतीवर घड्याळ आहे, पण त्यातला सेल वन्संनी काढून टाकलेला आहे. घाई हा त्यांचा जन्माचा वैरी. मुख्याध्यापिका एकदा तपासणीला आल्या आणि म्हणाल्या, घड्याळ बंद पडलंय. वन्सं म्हणाल्या, "बंद पडलं नाही मॅडम, बंद केलंय." वर खुर्ची देऊन चहा विचारला.

आमचा फ्लॅट बेळ्ळंदूरला, शाळेपासून चालत पंधरा मिनिटांवर. वन्संचं स्वतःचं घर यशवंतपूरला, वडिलांच्या वेळचं. तिथून रोज येणं म्हणजे अर्धं आयुष्य ट्रॅफिकमध्ये घालवणं. म्हणून सोमवार ते शुक्रवार त्या आमच्याकडे राहतात आणि शनिवारी पिशवी उचलून घरी जातात. लग्न केलं नाही. का नाही केलं असं एका मावशींनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जो आला तो बरोबरच असायचा हो." पाच दिवस गणिताचा दवाखाना आमच्या दिवाणखान्यात चालतो, हे सांगायला नकोच. माझा नवरा मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे, चाळीस माणसं हाताखाली. एकदा वन्संनी त्याला सहज विचारलं, "बेरजेत हातचा घेतोस ना, तो शेजारच्या घरात का नेऊन ठेवतोस रे?" तो म्हणाला, असंच असतं. "असंच म्हणजे हेगे?" हे 'हेगे', म्हणजे 'कसं', वन्संच्या तोंडी जपमाळेसारखं. पाच मिनिटांनी नवरा "अक्का, माझा कॉल आहे" म्हणून आत गेला आणि दार लावून घेतलं. सणाची सुट्टी होती. कॉल कसला, डोंबल!

माणूस कुठलाही चालतो त्यांना. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसानं नुसतं बघून सांगितलं की टाकी भरायला अडीच तास लागतील. झालं! वन्संनी त्याला खाली बसवलं. हेगे? तो कन्नडमध्ये सांगू लागला, वन्सं मान डोलवू लागल्या, मी तीनदा कॉफी केली. भिंतीवर पेन्सिलीनं टाकीचं चित्र निघालं. जाताना तो माणूस इतका खूश होता की वन्संच्या पाया पडला. नळ तेवढा गळतच राहिला. तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतला. आणि माझ्या लेकीच्या, रेवाच्या आठव्या वाढदिवसाला? अकरा मुलं आणि एक गोल केक. वन्संनी सुरी हातात धरून मुलांना विचारलं, "अकरा सारखे तुकडे कसे करायचे, कोण सांगतं?" मेणबत्त्या वितळून केकवर सांडल्या, दोन मुलं भुकेनं रडायला लागली, पण वन्सं हलेनात. शेवटी मी सुरी हिसकावून घेतली. अति झालं आणि हसू आलं, अशी माझी गत.

आता हसते आहे, पण एक गोष्ट सांगायची आहे आणि तिथे माझं हसू आटतं.

रेवा सातवीत गेली, वन्संच्याच शाळेत, आणि तिच्या गणिताचं काहीतरी बिनसलं. ज्या दिवशी गणिताचा तास त्या दिवशी सकाळी पोटात दुखायचं. आधी मी ओवा दिला, मग डॉक्टरकडे नेलं. सहामाहीत ती नापास झाली. मार्कांचं सोडा हो, पण पोरगी गप्प झाली. कन्नडच्या तासालासुद्धा हात वर करीना. एकदा केस विंचरताना म्हणाली, "आई, मी ढ आहे. बाकीच्यांना येतं." दोन दिवसांनी शाळेतून कागद आला. रेवाला वन्संच्या गटात घ्यायचं आहे, पालकांनी सही करावी. मी तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावला आणि सही केली नाही.

लोक म्हणाले असतील, दिव्याखाली अंधार. घरात आत्या एवढी जाणती आणि ही बया सही करत नाही. पण मला त्या खोलीत माझी मुलगी नको होती. मी सातवीत असताना आमच्या सरांनी भर वर्गात सांगितलं होतं, "हिला गणित सोडून काहीही शिकवा." सगळा वर्ग हसला, मीही हसले. न हसून करते काय? मोठ्या मिनतवारीनं दहावी पार पडली, मग आर्ट्स घेतलं आणि पुन्हा आकड्यांच्या वाटेला गेले नाही. तो शिक्का माझ्या लेकीवर बसू द्यायचा नव्हता, आणि तोही नणंदेच्या हातून. मी वन्संना तोंडावर सांगितलं, "रेवाचं गणित मी घेते. तुम्ही मध्ये पडू नका." वन्सं म्हणाल्या, "सरी." म्हणजे 'बरं'. एवढंच. त्यांना किती जड गेलं असेल ते मला आज कळतं. समोर चुकांनी भरलेली वही आणि हात लावायचा नाही!

मी रोज संध्याकाळी रेवाला घेऊन बसायची, जशी सहावीपासून बसत आले होते. जे मला येत होतं ते जीव तोडून शिकवत होते. डिसेंबरातली गोष्ट. वन्सं टेबलाच्या त्या टोकाला अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होत्या, आम्ही या टोकाला. धन आणि ऋण संख्यांची गणितं. रेवा पुटपुटत होती, "वजा वजा अधिक, वजा वजा अधिक," आणि उत्तरं लिहीत होती. वन्संचे हात थांबले. बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. मग त्यांच्यानं राहवलं नाही. "वैशाली, स्वल्प वही बघू का गं? नुसती बघते." मी नाही म्हणायच्या आत वही त्यांच्या हातात गेली होती.

"अय्यो!" वन्सं उभ्याच राहिल्या. मांडीवरच्या शेंगा सगळ्या फरशीवर. "चौदा गणितं, अकरा चुकलीत, आणि अकराही वेळा चूक एकच! रेवा, तुझी एकच चूक आहे गं! वजा एक, त्यातून आणखी दोन वजा केले, तर उत्तर अधिक तीन. सगळीकडे हेच. पण ही वर्गात शिकलेली चूक नाही. तुझी मिस मल्याळी. मराठीत वजा वजा अधिक तुला कोण..."

आणि वन्संनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं आणि मला कळलं की त्यांना कळलं. जगातली कुठलीही चूक दहा जणांना दाखवल्याशिवाय जिला झोप येत नाही, ती बाई खाली वाकली, शेंगा गोळा करायला लागली आणि म्हणाली, "सरी, राहू दे. मी नीट बघितलं नाही. चष्मा बदलायला झालाय." माझ्यासाठी खोटं बोलल्या. तेही गणितात.

मी स्वयंपाकघरात गेले, त्या मागून शेंगा घेऊन आल्या. मी विचारलं, "वन्सं, माझी चूक आहे ना?" त्यांनी टोपलं ओट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "चल, कचरा टाकून येऊ." हातात कचऱ्याची पिशवी नव्हतीच. लिफ्टमध्ये शिरून त्यांनी वजा एकचं बटण दाबलं. आमच्या इमारतीला खाली गाड्यांसाठी तीन मजले आहेत, वजा एक, वजा दोन, वजा तीन. दार उघडलं. "जमिनीच्या एक मजला खाली आलो. आता आणखी दोन मजले खाली गेलो, तर कुठे पोचू?" मी म्हणाले, "वजा तीनला." "तुझ्या त्या मंत्रानं आपण तिसऱ्या मजल्यावरच्या बॅनर्जींच्या दारात पोचायला हवं." लिफ्टमध्ये कुत्रं घेऊन चढलेला एक तरुण आमच्याकडे बघत होता. वन्सं त्याला म्हणाल्या, "एक मिनिट थांब कण्णा, क्लास चाललाय."

"तो मंत्र खोटा नाही," वन्सं म्हणाल्या. "तो गुणाकारातला आहे. तिथे बरोबर चालतो. तू तो जिकडे तिकडे लावलास. कुठे लावायचा ते तुला कुणी सांगितलंच नाही, त्यात तुझं काय चुकलं?"

वजा तीनला दार उघडलं आणि मी बाहेर येऊन आमच्या गाडीला टेकून रडले. बाई गं, एवढंच होतं? एवढ्यावरून मी तीस वर्षं स्वतःला मठ्ठ समजत आले आणि तेच हातानं उचलून पोरीच्या ताटात वाढलं? वन्सं शेजारी उभ्या होत्या. समजावलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. फक्त माझी घाई केली नाही.

वर येऊन मी रेवासमोर बसले आणि सांगितलं. तुझी चूक तुझी नाही, माझी आहे. मी तुला चुकीचं शिकवलं, कारण मलाच अर्धवट येत होतं. तिनं वहीवरून मान वर केली. "म्हणजे मी ढ नाही?"

"नाहीस."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "आणि तू?"

लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, भिशीत, मी किती वेळा हसत हसत सांगितलं होतं की गणित म्हणजे आमच्यात नाहीच बाई. मी म्हणाले, "माहीत नाही गं. मला कुणी विचारलंच नव्हतं." फ्रिजवरचा कागद काढला आणि त्यावर सही केली.

रेवा आता आठवीत आहे. मार्क बेताचेच पडतात, पण पोटात दुखत नाही आणि हात वर होतो, चुकीच्या उत्तरालासुद्धा. वन्सं या वर्षी निवृत्त होतील आणि यशवंतपूरच्या घरी कायमच्या जातील. तोवर दर गुरुवारी, रेवा खेळायला गेली की, त्या माझ्यासमोर सातवीचं पुस्तक उघडतात. माझ्या चुका बघून त्यांचा आनंद गगनात मावत नाही, इतकं कौतुक माहेरीही कुणी केलं नाही माझं. त्या गेल्यावर घर किती शांत होईल, हा विचार मी मुद्दाम करत नाही.

गेल्या गुरुवारी पुस्तकातलं शेवटचं गणित सुटलं. "हं, बरोबर आहे," वन्सं म्हणाल्या आणि पुस्तक मिटलं. मी उठून शेंगदाणे भाजायला लागले, कारण डोळे भरून आले होते. सांगलीच्या एका शाळेत एक मुलगी होती, सगळे हसले म्हणून हसणारी. ती ढ नव्हती. हे तिला तेव्हा सांगायला हवं होतं.