क्रोमियमवाली शेजारीण

जवळ बस गं, आल्या आल्या निघायची कसली घाई? खालच्या मजल्यावरची ती बाई पाहिलीस ना? तळोज्याच्या कारखान्यात बॉयलरच्या नळ्या तपासते. चहा बशीत ओतून पिते, वाक्यावाक्याला तुझ्या काकांना "काका, बघा हं" म्हणते. मागच्या महिन्यात ती वापरलेल्या नळ्यांचे दोन तुकडे घेऊन आली. साध्या पोलादाच्या तुकड्यावरच्या गंजाच्या खपल्या नखाने निघत होत्या. क्रोमियम मिसळलेल्या दुसऱ्यावर मात्र पातळ, घट्ट थर. "काका, बघा हं, हाच थर आतलं पोलाद राखतो."

बॉयलरवर जन्म काढलेले तुझे काका, रिटायर झाल्यापासून माझ्याशी हूं की चूं नाही, तिच्याशी तासभर बोलले. जाताना तो क्रोमियमवाला तुकडा त्यांनाच देऊन गेली. आता तो टीव्हीशेजारी असतो, आणि पुसते मी. क्रोमियमचं मलाही ऐकायचंय, पण इतक्या वर्षांनी कसं विचारू? तू रविवारी ये. माझ्यासमोर विचार त्यांना.