अंदाजात आमची टीम सातवी

मंडळी, आज जरा मनाला लागलं. मी शारजातल्या एका छोट्या कॉलेजच्या मुलींना बेसबॉल शिकवते. सीझनआधी आमच्या लीगमधल्या सातही कॉलेजांचे कोच मिळून कोण कितवं येईल याचा अंदाज देतात. त्यात आम्ही सातव्या!

प्रॅक्टिसला मुलींना हे सांगितलं. मग कॅप्टन अनघा म्हणाली, "मॅम, लास्ट इयर दोन मॅचना आपल्या नऊ जणीही जमल्या नाहीत. न खेळताच हरलो. आता आपण चौदा आहोत."

"मग?"

"मग काय, यल्ला, ग्राउंडवर चला!"

एवढ्या उन्हात कुणीही अर्ध्यावर थांबलं नाही. उद्यापासून सकाळी साडेपाचला जादा प्रॅक्टिस. निकाल काहीही लागो, यंदा एकही मॅच सोडायची नाही.

तुम्हाला कुणी असं आधीच शेवटचं ठरवलं, तेव्हा तुम्ही काय केलंत?