घागरीवरचं आजोळ

लोह्याच्या सिंधुला सत्तर वर्षं झाली, पर आजोळ कसं असतंय ते तिला ठावंच न्हवतं. ती पाळण्यात होती तवाच आई लक्ष्मीबाई गेली. बापानं दुसरी केली, अन् आईच्या माहेराचं नाव त्या घरात पुन्हा कुणी काढलं न्हाई. जीव जायच्या आधी एकदा आईचं गाव बघायचं, एवढंच सिंधुचं म्हणणं.

नात सृष्टी मोबाईलवर हुडकायली. "आज्जे, लक्ष्मीबाया तर लई निघायल्या. गाव सांग की."

"गाव ठावं असतं तर तुला कशाला इचारलं असतं, भवाने?"

त्याच आठवड्यात मडिवाळप्पा हेळवी आला. घराघराच्या पिढ्या वाचून दाखवायचं काम त्याचं. आधी बैलावर यायचा, आता फटफटीवर येतो. त्यानं चोपडी उघडली अन् सिंधुच्या बापाकडचे सात पिढ्यांचे गडी घडाघडा वाचले.

"अन् बाया?"

"बायांचं नुसतं सासरचं नाव हाय, अव्वा. लग्नात तांदळात लिहितेत, ते. माहेरात तुमच्या आईला लक्ष्मी कुणीच म्हणलं नसंल."

"मंग काय कामाची रे तुझी चोपडी? लोणच्यावर झाकू?"

हेळवी हसला. "बाईचं मूळ कागदात हुडकू नका. आहेराची भांडी बघा. देणाऱ्याचं नाव असतंय त्याच्यावर."

लगेच माळ्यावरची आईची पितळी घागर खाली आली. सृष्टीनं चिंच लावून खसाखसा घासली. काळं गेलं तशी गळ्यापाशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं दिसायली: बहिणीस, नरसिंग सटवाजी, अर्धापूर.

सिंधु त्या अक्षरांवरनं बोट फिरवत म्हणली, "अगं, हिच्यात मी इतकी वर्षं राख भरून ठेवली की!"

दुसऱ्या दिवशी दोघी अर्धापूरला. इचारत इचारत गेल्या. नरसिंगमामा कधीच गेलेले, पर त्यांचा लेक शिवशंकर केळीच्या बागेत गावला.

"पाव्हणे कुठले?"

"पाव्हणी न्हाई रे बाबा. तुझ्या आत्याची लेक मी. लोह्याची."

त्याच्या हातातला कोयता खाली पडला. "गोदाआत्याची? आक्का, माझा बाप दोनदा आलता तुला बघायला. तुझ्या बापानं दारातूनच वाटं लावलं."

"गोदा," सिंधु म्हणली. मंग अजून एकदा म्हणली, "गोदा."

मंग काय, चहा झाला, जेवणं झाली, सगळी भावकी बघायला आली. दिस कलला तशी सृष्टी कानाशी लागली, "आज्जे, शेवटची एसटी जाईल गं."

"जाऊ दे. आजोळी आलेलं लेकरू कुठं त्याच दिवशी माघारी जातंय?"