जुन्या भोकाशेजारी

माधवनगरच्या आमच्या घरी घड्याळ लावायचं होतं, म्हणून शेजाऱ्यांचा सुटीवर आलेला मेव्हणा ड्रिल मशीन घेऊन आला. हा गडी कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणीत, जमिनीच्या पोटात, दगडाला भोकं पाडतो. आल्या आल्या त्यानं माझ्याच नाकाला रुमाल बांधला. भिंतीत मधोमध जुनं भोक होतंच. मी म्हटलं, "त्यातच मारा की."

तो चटका बसल्यासारखा मागं सरला. "जुन्या भोकात कवाच न्हाई! खाणीत सुरुंगाची दारू कवा कवा न उडताच तळाला ऱ्हाती. त्यात ड्रिल घातलं की खेळ खलास."

"अहो, ही घराची भिंत आहे!"

तो गडगडाटी हसला. "व्हय की! पर सोमवारी मला परत खाली उतरायचंय. हिथं सवलत दिली, तर हात सोकावतोय."

वीतभर बाजूला नवं भोक पाडून तो चहा न घेताच गेला.

घड्याळ एका अंगाला आलं म्हणून बायको कितीतरी दिवस कुरकुरत होती. दिवाळीत शेजारून तेच गडगडाटी हसू ऐकू आलं, तेव्हा चहाचं आधण ठेवायला माझ्याआधी तीच उठली.